कुठल्या सेटची गं तू? ठाण्यातल्या आपल्या नर्सिंग स्कूलच्या माजी विद्यार्थी संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संघाच्या पत्रकाचं काम माझ्याकडे आल्यापासून फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि मेळाव्यात हातात कोंबलेल्या चिठ्ठ्यांमधून तेच ते प्रश्न येत असतात. एकच उत्तर तिसऱ्यांदा टाइप करायची वेळ आली की मी चिडते, आणि चिडून लिहिलेलं उत्तर कुणालाच आवडत नाही. म्हणून हे एकदाच बसून लिहून काढलंय. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत, नावं तेवढी काढली आहेत. नवीन प्रश्न आला की शेवटी जोडते. क्रमांक बदलत नाही, कारण आता तुम्हीच एकमेकींना ‘प्रश्न ८ वाच आधी’ असं सांगायला लागला आहात.

१. मी एएनएम आहे, जीएनएम नाही. मला संघात घेतात का?

घेतात. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) असो की जीएनएम (त्याहून मोठा, परिचर्या आणि प्रसाविकेचा कोर्स), शाळेच्या प्रवेश रजिस्टरात ज्याचं नाव आहे तो आपला, एवढा एकच नियम आहे. एएनएम होऊन कुणी शहापूर-मुरबाडकडच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून आयुष्य काढलं, कुणी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात वॉर्डाची इन्चार्ज झालं, कुणी वाशी-नेरुळला खासगी आयसीयू सांभाळतंय. वर्गणी सगळ्यांना सारखी आणि मेळाव्यात खुर्चीही सारखीच.

कोर्स अर्धवट सोडलेल्यांनाही घेतो. दुसऱ्या वर्षाला घरच्यांनी लग्न ठरवलं म्हणून गेलेल्या मुली आपल्याकडे कमी नाहीत. होस्टेलमध्ये त्यांची कॉट आपल्याच शेजारी होती.

२. नाव ‘माजी विद्यार्थिनी संघ’ होतं ना? मग ब्रदर लोकांनी यायचं का?

यायचं. ब्रदर म्हणजे पुरुष नर्सही आपलेच, नाव बदलून ‘माजी विद्यार्थी’ केलं ते त्यासाठीच. बॅनर अजून जुनाच आहे, कारण चांगला कापडी आहे आणि टाकवत नाही.

३. बॅच कुठली लिहायची, प्रवेशाची की पास झाल्याची?

प्रवेशाची. फॉर्मवर हे ठळक छापूनही निम्मे लोक पास झाल्याचं वर्ष लिहितात आणि मग यादीत काही वर्षं पुढे जाऊन बसतात.

कारण साधं आहे. कोर्सची लांबीच बदलत गेली. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी जीएनएम साडेतीन वर्षांचं केलं. २०१५ मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि ते तीन वर्षांचं झालं. एएनएम आधी दीड वर्षाचं होतं, पुढे दोन वर्षांचं झालं. त्यात कुणाचा एक विषय राहिला, कुणी बाळंतपणाच्या रजेमुळे सहा महिने मागे पडली, कुणाच्या मिडवायफरीच्या म्हणजे बाळंतपणाच्या केसेस वेळेत भरल्या नाहीत. एकाच खोलीत राहिलेल्या, एकाच डब्यातलं लोणचं खाल्लेल्या दोघी कागदावर वेगळ्या बॅचच्या होतात. म्हणून प्रवेशाचं वर्ष लिहा आणि त्या वर्षी दोनदा प्रवेश झाले असतील तर सेटही (एका वेळी एकत्र आत आलेली तुकडी) लिहा. पास कधी झालात ते नर्सची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलला लागतं, आम्हाला नाही.

४. यादीत माझं नावच नाही. वर्गणी तर भरली आहे. असं कसं?

नाव असेल, पण तुम्ही ज्या अक्षराखाली शोधताय तिथे नसेल. यादी माहेरच्या आडनावावर लावलेली आहे. लग्नानंतरचं आडनाव पुढे लहान टाइपात दिलंय.

यावर मेळाव्यात दर वर्षी वाद होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तीस वर्षं देशमुख म्हणून सही करणाऱ्या बाईला कुलकर्णी या नावाखाली स्वतःला शोधायला लावणं विचित्र वाटतं, हे मला मान्य आहे. पण तिला शोधणार कोण? तिच्या सेटच्या मुली. आणि त्यांना सासरचं आडनाव माहीतच नसतं. त्यांच्या डोक्यात हजेरीच्या वेळी कानावर पडलेलं नाव बसलेलं असतं. पूर्वी आम्ही यादी सासरच्या नावावर लावली होती, तेव्हा पाटीलच अडतीस निघाल्या. त्यात सुनीता पाटील चार. होस्टेलमध्ये त्यांना कुणी आडनावाने ओळखलंच नव्हतं. एक रोहावाली सुनीता, एक चष्मेवाली, एक जाडी (ती आता सगळ्यांत बारीक आहे) आणि एक नुसतीच सुनीता. म्हणून यादीत ‘होस्टेलमधलं नाव’ असा रकाना ठेवलाय. भरायचा की नाही ते तुमच्यावर.

पहिल्या वर्षाला नर्सिंगच्या इतिहासात आपण पाठ केलं होतं, आठवतंय? १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत, पहिल्या भारतीय नर्स. एका मार्काचा हमखास प्रश्न. पुस्तकात ना माहेरचं आडनाव, ना सासरचं. त्यांच्या सेटची एखादी मैत्रीण त्यांना शोधायला निघाली असती तर कुठल्या अक्षराखाली बघितलं असतं?

५. माझ्या रूम पार्टनरचा नंबर द्या ना. वीस वर्षांत भेट नाही.

नंबर देत नाही. तुमचा नंबर तिच्यापर्यंत पोचवतो. तिला वाटलं तर ती फोन करेल.

यावर मला ‘इन्चार्जगिरी’ करते असं ऐकवलं गेलंय. ऐकवा. पूर्वी मी नंबर देत असे. एकदा एका गृहस्थांचा फोन आला, ‘मी तिचा भाऊ, गावाहून आलोय, ठाणे स्टेशनवर उभा आहे.’ मी दिला नंबर. तो भाऊ नव्हता. ज्याच्या घरातून ती तीन वर्षांपूर्वी नेसत्या साडीनिशी बाहेर पडली होती, तो नवरा होता. त्या महिन्यात तिला राहती खोली सोडावी लागली, ड्यूटी बदलून घ्यावी लागली. ती मला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

शोधायला मदत हवी असेल तर हे पाठवा: प्रवेशाचं वर्ष, माहेरचं आडनाव, गाव, होस्टेलमधलं नाव आणि असेल तर कॅपिंगचा (नर्सची टोपी पहिल्यांदा मिळते त्या समारंभाचा) ग्रुप फोटो. फोटोच्या मागे तुम्ही नावं लिहिली असतील तर मागची बाजूही पाठवा. बहुतेक शोध तिथेच लागतात.

६. वर्गणी किती?

आजीव एक हजार रुपये, एकदाच. शिकत असलेल्यांना आणि पहिल्या नोकरीच्या वर्षात काही नाही. वर्गणी भरली नाही म्हणून कुणाला मेळाव्याच्या दारात अडवलेलं नाही, पण रजिस्टरवरच्या भगिनी तोंडाकडे बघतात.

७. पत्रकात कसली बातमी चालते? माझं काय छापणार, मी रोजचीच ड्यूटी करते.

हे वाक्य मला इतक्यांदा ऐकावं लागतं की त्याचा शिक्का करून घ्यावा म्हणते. रोजच्या ड्यूटीतूनच बातमी निघते. २६/११ च्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे प्रसूतिपूर्व वॉर्डात नाइटला होत्या. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावले, वीस गरोदर बायांना टोकाच्या पॅन्ट्रीत नेलं, दिवे घालवले. एरवी ती एक साधी नाइटच होती.

तुम्हाला एवढं काही करायची गरज नाही. बढती, बदली, निवृत्ती, पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची पदवी) पूर्ण केलं, पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगच्या शिक्षिका) झालात, पाड्यावर पहिल्यांदा शंभर टक्के लसीकरण झालं, वॉर्डात नवीन पद्धत बसवली, हे सगळं चालतं. लग्न, बाळ चालतं. मुलांचे दहावी-बारावीचे मार्क छापत नाही. एका वर्षी छापले, तर अंक रिझल्टच्या गॅझेटसारखा दिसायला लागला. अपवाद एकच: मूल नर्सिंगला गेलं तर छापतो, आणि मोठ्या टाइपात.

कविता पाठवू नका असं म्हणणार नाही. पण ‘परिचारिका’ला ‘मालिका’ जुळवलेल्या सतरा माझ्याकडे आधीच आहेत.

८. बातमी लिहायची कशी? मला लिहिता येत नाही.

येतं. तुम्ही आयुष्यभर ओव्हर देत, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवत, आला आहात. सकाळच्या सिस्टरला काय सांगता? कोण, कुठल्या बेडवर, काय झालं, किती वाजता, कुणाला कळवलं, आता काय बाकी आहे. बातमी त्याच क्रमाने लिहा. ‘अत्यंत आनंदाने कळविण्यात येते की’ हे मी तसंही कापते.

आणखी एक. ओव्हर बेडशेजारी उभं राहून घ्यायची असते, हे पहिल्या वर्षापासून आपल्या टाळक्यात हाणलंय. ड्यूटी रूममध्ये चहा पिता पिता घेतलेल्या ओव्हरमध्ये कुणाचं ड्रेन काढलं आणि कुणाचं राहिलं याचा घोळ होतोच. तेव्हा जिची बातमी आहे तिला विचारून, शक्यतो तिनेच लिहून पाठवावी. ‘अमकीला बढती मिळाल्याचं ऐकलं’ ही बातमी नाही. निधनाच्या बातमीचे नियम याहून कडक आहेत, ते प्रश्न ९ मध्ये.

९. आमच्या सेटची एक मैत्रीण गेली. ग्रुपवर टाकलं तर अॅडमिनने पोस्ट काढून टाकली. एवढी माणुसकी नाही का?

पोस्ट मी काढली. घरच्या माणसाशी बोलणं झाल्याशिवाय निधनाची बातमी ना ग्रुपवर राहू देत, ना पत्रकात छापत. हा नियम माझ्याच चुकीतून आलाय, म्हणून पूर्ण सांगते.

एका संध्याकाळी तीन वेगवेगळ्या जणींकडून एकच मेसेज आला. आपली सुनीता पाटील, कर्करोगाने, अल्पशा आजाराने. तिघींकडून आलं म्हणजे खरंच असणार, असं मी धरलं. तिघींनाही तो एकाच ठिकाणाहून आला होता, हे नंतर कळलं. अंक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता. माझ्याकडे एका सुनीताचा कॅपिंगचा फोटो होता, तो काळ्या चौकटीत टाकला, खाली चार ओळी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

अंक पोस्टाने गेले. चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला. मी भाजी चिरत होते, फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, ‘मी चष्मेवाली सुनीता बोलतेय. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीची सही करते. आता तुझ्याकडेही करायला येऊ का?’ आणि ती हसायला लागली. मी हातातली सुरी खाली ठेवली, आणि मग मला रडायला आलं. कारण त्याच क्षणी लक्षात आलं, ही जर ही असेल तर गेली कोण?

गेली होती रोहावाली. तिच्या घरी जो अंक पोचला, त्यात तिच्या नावाखाली दुसरीचा चेहरा होता. तिच्या मुलीने तो अंक जपून ठेवलाय, असं मला सांगितलं. तिने हे रागाने सांगितलं की कसं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, घरी जाऊन माफी मागितली. चष्मेवालीने तिचा तो चौकटीतला फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

तर आता पद्धत अशी: घरच्या एका माणसाचं नाव आणि फोन नंबर पाठवा. मी किंवा त्या सेटची प्रतिनिधी स्वतः बोलते. माहेरचं नाव, प्रवेशाचं वर्ष, फोटो हे घरच्यांकडून पक्कं करून घेते. आजाराचं नाव छापत नाही, ते केसपेपरवर राहू दे. यात दोन दिवस जातात. जाऊ देत.

१०. वॉर्डात आम्ही केक कापला, त्याचा फोटो पाठवते. छापाल ना?

मागे पेशंट दिसत नसेल, बेडवरचा नावाचा बोर्ड वाचता येत नसेल, मॉनिटरवर नाव नसेल तर छापू. ‘पेशंटने स्वतःच काढायला सांगितलं’ हे कारण चालत नाही. सलाइन लावलेला माणूस सिस्टरला नाही म्हणत नसतो. चेहरा स्टिकरने झाकून पाठवू नका, शेजारच्या भिंतीवरचा केसपेपर तसाच वाचता येतो. झालंय असं.

११. मेळावा १२ मेला का ठेवत नाही? आपलाच तर दिवस आहे.

दिवस आपला आहे, पण त्या दिवशी आपण मोकळ्या नसतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० चा, म्हणून तो दिवस जगभर परिचारिका दिन. त्यामुळे प्रत्येक हॉस्पिटलमध्ये कार्यक्रम, मेणबत्त्या, प्रमुख पाहुणे आणि उरलेल्यांवर डबल ड्यूटी. शिवाय मे म्हणजे अर्ध्याजणी गावाला, अर्ध्याजणी घामाने बेजार.

मेळावा संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी बारा ते सहा. वेळ इतकी लांब का, तर मॉर्निंग ड्यूटी सुटून येणाऱ्यांनाही कार्यक्रमाचा मधला भाग मिळावा म्हणून. जेवण अडीचपर्यंत थांबवून ठेवतो. नाइट करून येणाऱ्यांसाठी मागच्या खोलीत चार गाद्या घातलेल्या असतात. त्यावर गप्पा मारत बसू नये ही विनंती, त्या खरंच झोपायला असतात.

१२. मेळाव्याला नौपाड्यात यायचं कसं? नवी मुंबईहून सोपं काय?

वाशी, नेरुळ, ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने थेट ठाणे. पश्चिमेला उतरा, रिक्षा किंवा चालत. पण रविवार आहे, तेव्हा शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा. गेल्या खेपेला ब्लॉकमध्ये अडकलेल्या सहाजणी आल्या तेव्हा श्रीखंड संपलं होतं आणि त्याचा उल्लेख अजून होतो. गाडी आणू नका, पार्किंग नाही.

१३. मेळाव्यात हळदीकुंकू का बंद केलं? परंपरा आहे आपली.

संघाच्या पहिल्या काही वर्षांत होतं. जानेवारी, त्यात सगळ्या बायका, आपोआप सुरू झालं. मग एका वर्षी करंडा रांगेतून पुढे सरकत होता आणि आमच्या मोठ्या सीनियर, ज्यांनी आम्हाला पहिलं इंजेक्शन द्यायला शिकवलं त्या, उठून पाणी प्यायला गेल्या. त्यांचे यजमान आदल्या पावसाळ्यात गेले होते. त्यांच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या. केरळच्या आणि वसईच्या ख्रिस्ती मैत्रिणी हसून नको म्हणत होत्या, मुंब्र्याहून आलेली बाजूला उभी होती. खोलीभर माणसं, आणि करंडा निम्म्यांना टाळून चाललाय.

पुढच्या वर्षीपासून तिळगूळ ठेवला. सगळ्यांना, ब्रदर लोकांनाही. वाणही ठेवतो, ते सगळ्यांनाच मिळतं. मागच्या वेळी थर्मामीटर दिले. यावर ज्यांना राग आहे त्यांनी घरी हळदीकुंकू जरूर करावं, बोलावलं तर मी येईन.

१४. नवरा, मुलं, होस्टेलच्या मावशी, कोणाकोणाला आणता येतं?

मावशींना आणाच. मेसच्या दोघी अजून येतात, त्यांचं जेवण संघाकडून. लहान मुलं चालतात. नवऱ्यांनी तलावपाळीवर फेरफटका मारावा, मिसळ खावी, सहाला न्यायला यावं.

१५. संघाच्या लेक्चरला बसले तर रजिस्ट्रेशन रिन्यूअलला तास धरतात का?

कौन्सिलने आधी मान्यता दिलेल्या कार्यक्रमाचेच धरतात. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्या पाच वर्षांत सतत शिक्षणाचे १५० तास हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं माप आहे. संघाच्या प्रत्येक लेक्चरला मान्यता नसते. आमंत्रणावर ‘क्रेडिट आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच समजा. हजेरीपटावर सही केली म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं होत नाही. जखमेच्या ड्रेसिंगवरच्या लेक्चरनंतर मला तेवीस फोन आले. त्याला मान्यता घेतली नव्हती. लेक्चर मात्र उत्तम झालं.

पाचव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात धावपळ करू नका. वर्षाला तीस तास धरले तर हिशेब सुटतो.

१६. आधारवर सासरचं नाव, रजिस्ट्रेशनवर माहेरचं. एनयूआयडीला अडकलंय. काय करू?

एनयूआयडी म्हणजे देशभरातल्या नोंदणीकृत नर्सेसना मिळणारा एकच कायम क्रमांक. त्यात आधार आणि कौन्सिलची नोंद जुळावी लागते, आणि आपल्या निम्म्याजणींची जुळत नाही. ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणून नाव बदल करून घेतलाच नाही, त्याची ही फळं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव दुरुस्तीचा अर्ज आधी करा, बाकी मागून. संघ यात शिफारसपत्र देत नाही, त्याचा उपयोगही नाही. मेळाव्याच्या दिवशी दोन तरुण मुली लॅपटॉप घेऊन बसतात, फॉर्म भरून देतात. मूळ कागद आणा, मोबाइलमधले पुसट फोटो नकोत.

(मग संघाच्या यादीत माहेरचं नाव कशाला, असं लगेच विचारू नका. ती यादी सरकारसाठी नाही. प्रश्न ४.)

१७. आयर्लंडला जायचंय. शाळेकडून ट्रान्सक्रिप्ट संघ काढून देईल का?

नाही, आणि देऊ केलं तरी घेऊ नका. परदेशी संस्थांना ही विषय-तास-मार्कांची अधिकृत कागदपत्रं शाळेकडून, मंडळाकडून किंवा कौन्सिलकडून थेट गेलेली लागतात. तुमच्या किंवा आमच्या हातातून गेलं की त्याची किंमत गेली. आपण काय करू शकतो, तर जुन्या सेटच्या मुलींना कुठल्या दाराशी जायचं ते सांगू शकतो. बीएस्सी असाल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. ते १९९८ मध्ये झालं, त्याआधीच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. जीएनएम-एएनएमच्या परीक्षा पूर्वी कौन्सिल घेत असे, आता त्यासाठी राज्याचं वेगळं मंडळ आहे. तुमची मार्कशीट कुणाच्या सहीची आहे ते आधी काढून बघा. दोन हेलपाटे वाचतात.

१८. ग्रुपवर आखाती देशातल्या नोकरीची जाहिरात टाकली, ती का उडवली? गरजू मुलींचं नुकसान नाही का?

एजंटचा नोंदणी क्रमांक नसेल तर उडवतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी बघता येते, पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. ‘दीड लाख भर, व्हिसा येईल’ असं जो सांगतो तो कुणाचाही मामेभाऊ असला तरी ग्रुपवर नको. शाळेतल्या मैत्रिणीने पाठवलंय म्हणून मुली डोळे मिटून विश्वास ठेवतात, तेवढ्यासाठी ही चौकशी.

१९. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन आहे. संघ मदत करतो का?

करतो, पण निधी लहान आहे आणि तो आधी सभासदाच्या स्वतःच्या आजारपणासाठी आहे. घरच्यांसाठी सेटनिहाय वर्गणी काढतात, ती त्या त्या सेटची प्रतिनिधी बघते. त्याआधी एक करा: हॉस्पिटलमध्ये सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आपण रोज पेशंटच्या नातेवाइकांना त्या टेबलाकडे पाठवतो आणि स्वतःवर वेळ आली की सोनं गहाण टाकायला निघतो. मी स्वतः हेच केलंय.

मदत कुणाला, किती दिली हे समितीबाहेर जात नाही. पत्रकात नुसती एकूण रक्कम येते.

२०. नवीन समिती निवडून वर्ष झालं, तरी चेकवर जुन्याच अध्यक्षांची सही कशी?

आमचा आळस. संघाची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी आहे. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमच्याकडून उशीर झाला, आता विलंबमाफीच्या अर्जासह दिलाय. तो मंजूर होईपर्यंत बँक नवीन सह्या घेत नाही. जुन्या अध्यक्षा बिचाऱ्या दर महिन्याला डोंबिवलीहून सही करायला येतात.

२१. (नवीन) मला शाळेची आठवणही नको आहे. तिथे जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पण माझ्या खोलीतल्या मुली हव्यात. जमेल का?

जमेल. यादीत नाव घालायची सक्ती नाही. पत्रक नको असेल तर पाठवणार नाही, मेळाव्याचं आमंत्रणही नाही. काय झालं ते आम्हाला सांगायचीही गरज नाही. सांगावंसं वाटलं तर समितीत दोघी आहेत ज्या फक्त ऐकून घेतील, लिहून ठेवणार नाहीत.

अशा तुम्ही एकट्या नाही. एका सेटच्या पाचजणी महिन्यातून एकदा तलावपाळीच्या कठड्यावर भेटतात. संघाच्या सभासद त्यातल्या दोघीच. शाळेचा विषय निघायला लागला की त्यांतली एक भेळ आणायला उठते, आणि ती परत येईपर्यंत विषय बदललेला असतो, असा त्यांचा अलिखित नियम आहे.

तुमच्या खोलीतल्या मुलींना मी तुमचा नंबर पोचवीन, त्यांचा तुम्हाला देणार नाही (प्रश्न ५). मला फक्त प्रवेशाचं वर्ष आणि खोलीचा नंबर कळवा. आडनाव नाही कळवलं तरी चालेल.